मासे मोजायचे कुणी आणि वाटायचे कुणी

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘अतिमासेमारी रोखणारे कायदे आणि मत्स्यसाठ्यांची पुनर्बांधणी’. एवढं जड नाव वाचूनही इतके लोक आलेत म्हणजे एकतर तुम्हाला खरंच रस आहे किंवा आतला एसी चांगला आहे. दोन्ही चालेल मला.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, कारण मी वाटेत भरकटणार हे मला माहितीये आणि संयोजकांनाही माहितीये, म्हणून ते घड्याळ समोर ठेवून बसलेत. तर समुद्रातून यंदा किती मासे काढायचे हा आकडा ठरवणं हे एक काम, आणि तेवढे मासे कुणी कुणी किती धरायचे ही वाटणी हे दुसरं काम. ही दोन्ही कामं एकाच्याच हातात दिली की तो माणूस कितीही सज्जन असू दे, गडबड होतेच. कारण वाटायला बसलं की दहा जण येऊन डोक्यावर बसतात, आम्हाला कमी का, त्यांना जास्त का, आणि मग सगळ्यांना खूश करायचा सोपा रस्ता एकच, आकडाच वाढवून टाका. मासे काही मोर्चा घेऊन येत नाहीत. एवढंच माझं म्हणणं आहे, माईक मिळेल तिथे मी हेच सांगतो. आज खरं बोलायचंय अमेरिकेच्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्यावर, म्हणजे तिथल्या सागरी मासेमारीच्या मुख्य कायद्यावर, तिथे हे थोडंफार जमलंय म्हणून. पण आधी कॅनडाचा कॉड, म्हणजे थंड समुद्रातला, खारवून वाळवून खायचा मोठा मासा. तो झाल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

न्यूफाउंडलंड, कॅनडाच्या पूर्वेकडचं बेट. १४९७ साली जॉन कॅबट तिकडे गेला आणि परत आल्यावर त्याच्या लोकांनी सांगितलं की तिथे जाळंसुद्धा लागत नाही, टोपलीत दगड घालून खाली सोडा, भरून वर येते. दर्यावर्दी माणसाची गोष्ट निम्मी करूनच ऐकायची असते, पण निम्मी केली तरी पुष्कळ झालं. पुढची साडेचारशे वर्षं युरोपातले लोक येऊन कॉड धरतायत, खारवतायत, वाळवतायत, घेऊन जातायत आणि कॉड आहे तिथेच. १८८३ मध्ये लंडनला मोठं मत्स्यप्रदर्शन भरलं होतं, तिथल्या भाषणात थॉमस हक्सली, हा तोच, डार्विनची बाजू घेऊन सगळ्यांशी भांडणारा, म्हणाला की कॉडसारखे समुद्रातले मोठे साठे बहुधा कधी संपायचेच नाहीत. आजकाल प्रत्येक भाषणात त्याची टर उडवतात. मला ते आवडत नाही, कारण ‘सध्याच्या मासेमारीच्या पद्धती बघता’ असंही तो म्हणाला होता आणि ते सोयीस्करपणे गाळलं जातं. त्याच्यासमोर शिडाच्या बोटी होत्या हो. १९५४ मध्ये फेअरट्राय नावाचं ब्रिटिश जहाज आलं, मागच्या बाजूने जाळं वर ओढायचं, बोटीवरच मासा साफ करायचा, कापायचा, गोठवायचा, हे सगळं त्याला कुठून दिसणार? त्या जहाजामागोमाग आणखी कितीतरी देशांची तसलीच जहाजं आली आणि १९६८ मध्ये त्या एका साठ्यातून आठ लाख टनांच्या आसपास कॉड काढला गेला. एका वर्षात.

मग कॅनडाने १९७७ मध्ये दोनशे सागरी मैलांची हद्द आखली आणि परदेशी जहाजांना बाहेर काढलं. आता आपलं आपल्या हातात, असं म्हणून सगळे खूश. आणि केलं काय, तर गेलेल्यांच्या जागी स्वतःचे ट्रॉलर उभे केले, सरकारने पैसे ओतले, किनाऱ्यावर प्रक्रियेचे कारखाने वाढवले. अमेरिकेनेही त्याच सुमाराला अगदी हेच केलं बरं का, मघाशी म्हटलेला १९७६ चा मूळ कायदा हा प्रामुख्याने परक्यांना हाकलायचाच कायदा होता, आणि मग घरच्या बोटींना कर्जाची हमी. परक्याने लुटलं की आपल्याला राग येतो, घरच्याने लुटलं की त्याला आपण विकास म्हणतो. (हसू नका, पुढचं ऐका.)

आता माझी तक्रार. कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा, कॉड संपला तो मच्छीमारांच्या हावरटपणामुळे असं एका ओळीत उरकलेलं असतं. कुठले मच्छीमार? किनाऱ्याजवळ छोट्या बोटी घेऊन जाणारे लोक ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून ओरडत होते की मासा कमी येतोय, लहान येतोय. सरकारचा हिशोब तपासायला त्यांनी त्यांच्या संघटनेतर्फे वेगळे जीवशास्त्रज्ञसुद्धा नेमले. पण सरकारी हिशोबात साठा वाढताना दिसत होता. का दिसत होता, हे नीट बघण्यासारखं आहे. साठा मोजायला त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, संशोधन जहाजाची पाहणी, ते जहाज कुठे जाळं टाकणार हे आधी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, मासा असो नसो, तिथेच टाकायचं. दुसरी, मोठ्या ट्रॉलरना तासाला किती मासा मिळतो ती आकडेवारी. आता ट्रॉलरचा कप्तान मासा नसेल तिथे कशाला जाळं टाकेल? त्याच्याकडे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधणारं सोनार यंत्र आहे, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, आणि कॉडचा स्वभाव असा की संख्या घटली की उरलेले दाटीवाटीने एकत्र राहतात. म्हणजे समजा या हॉलमधले निम्मे लोक उठून गेले आणि राहिलेले सगळे पुढच्या रांगांत येऊन बसले, तर मला इथून हॉल भरलेलाच दिसणार. ट्रॉलरला शेवटपर्यंत जाळं भरूनच मिळत होतं. पाहणी सांगते साठा कमी आहे, ट्रॉलर सांगतात भरपूर आहे, मग करायचं काय, तर मधला आकडा धरला! विज्ञानात तडजोड!

आणि हे लक्षात आल्यावरची गोष्ट तर अजून भारी. शास्त्रज्ञांनी पुन्हा हिशोब केला आणि सांगितलं की १९८९ साठी सव्वा लाख टनांच्या वर जाऊ नका. मंत्र्यांनी किती ठरवला? २ लाख ३५ हजार. जवळजवळ दुप्पट. त्यांनी काही गुपचूप केलं नाही, उघड सांगितलं की एकदम एवढी कपात केली तर कारखाने बंद पडतील, गावं उठतील. माणूस खोटं बोलत नव्हता, गावं खरंच उठणार होती. पण तीन वर्षांनी ती उठायची राहिली का? २ जुलै १९९२ ला जॉन क्रॉस्बी या मंत्र्यांनी उत्तरेकडच्या कॉडची मासेमारीच बंद केली. आदल्या दिवशी ते बे बुल्स नावाच्या गावी गेले होते, लोकांनी गराडा घातला, तेव्हा ते चिडून म्हणाले की पाण्यातले मासे काय मी नेले का! तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम गेलं. बंदी जाहीर झाली होती दोन वर्षांसाठी. उठली कधी? कुणी सांगेल? ...नाही, २००२ नाही. २०२४. बत्तीस वर्षं. आणि उठली तेव्हा मर्यादा होती अठरा हजार टन, आता ते आठ लाख आठवा.

तर हा झाला एक प्रकार, आकडाच चुकीचा. पण नुसता आकडा बरोबर असून भागत नाही, म्हणून दुसरा किस्सा, हा माझा जास्त लाडका आहे. अलास्काचा हॅलिबट. चपटा, अवाढव्य मासा, समुद्रतळाशी राहतो, लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधून धरतात. यासाठी अमेरिका आणि कॅनडाचा मिळून आयोग आहे, १९२३ च्या करारातून आलेला. वर्षाला किती काढायचा ते आयोग ठरवायचा आणि तो आकडा बऱ्यापैकी पाळलाही जायचा. म्हणजे माझं अर्धं म्हणणं तिथे मान्य होतं. पण वाटणीचा नियम काय? काहीच नाही. एकूण आकडा भरेपर्यंत ज्याला जमेल त्याने धरा, भरला की बंद. मग काय होणार? दुसऱ्याच्या आधी आपण. मोठी बोट, जास्त गळ, जास्त माणसं. हंगाम महिन्यांवरून आठवड्यांवर आला, आठवड्यांवरून दिवसांवर, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अलास्काच्या मुख्य भागांत वर्षाकाठी चोवीस चोवीस तासांच्या दोन-तीन खेपा एवढाच हंगाम उरला होता.

डोळ्यासमोर आणा. तारीख आधी जाहीर झालीये, दुपारी बाराला सुरू, दुसऱ्या दिवशी बाराला बंद. हवामान खातं म्हणतंय वादळ आहे. तुम्ही थांबणार? तुमच्या वर्षाची कमाई त्या चोवीस तासांत आहे, वादळ असलं तरी जावंच लागणार. शेकडो बोटी एकाच वेळी त्याच जागी दोऱ्या सोडतायत, एकाची दोरी दुसऱ्याच्या दोरीवर, गुंता झाला तर सोडवायला वेळ कुणाला आहे, कापा आणि पुढे चला. ते कापलेले गळ तळाशी तसेच मासे धरत राहतात, कुणासाठीच नाही. डेकवर माशांचा ढीग, साफ करायला वेळ नाही, बर्फ पुरत नाही, लोक झोपलेले नाहीत, हातात सुरे आहेत, बोट हेलकावे खातीये. आणि बंदरात सगळा माल एकदम येणार म्हणजे भाव पडलेला, ताजा कुणाला विकणार, गोठवायचाच. म्हणजे साठा ठीक आणि माणसं मरतायत, असलं नियमन!

कॅनडाच्या बाजूला ब्रिटिश कोलंबियात १९९० चा हंगाम सहा दिवसांचा होता. १९९१ पासून त्यांनी प्रत्येक बोटीचा वाटा ठरवून दिला, तुझे एवढे, कधीही धर. अलास्काने तेच १९९५ मध्ये केलं. हंगाम झाला आठ महिन्यांचा. ताजा मासा मिळायला लागला, भाव वाढला, वादळ आलं की लोक घरी थांबायला लागले. याच्यावर टाळ्या वाजवायच्या आधी एक गोष्ट, तो वाटा मिळाला बोटीच्या मालकांना आणि फुकट, खलाशाला काही नाही. मग वाटे विकले गेले, बोटी कमी झाल्या, कितीतरी खलाशांचं काम गेलं. आइसलँडमध्ये तर हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २००७ मध्ये समिती म्हणाली की ही वाटणी अन्यायकारक आहे. वाटणी हे राजकारणच आहे आणि ते राजकारण्यांनीच उघडपणे करावं, भांडून करावं, माझं काही म्हणणं नाही. फक्त आकड्याला हात लावायचा नाही.

अरे, चिठ्ठी आली. दहा मिनिटं? ...पाच. बरं. म्हणजे ज्या कायद्यासाठी तुम्ही आलात तो आता पाच मिनिटांत.

भराभर सांगतो. १९७६ च्या अमेरिकन कायद्याने आठ प्रादेशिक परिषदा केल्या, त्यात मच्छीमार, व्यावसायिक, राज्यांचे अधिकारी असे सगळे. आकडा आणि वाटणी दोन्ही त्यांच्याच हातात, म्हणून वीस वर्षं व्हायचं तेच झालं, न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याचा, कॉडही खलास. १९९६ मध्ये दुरुस्ती झाली, साठा खालावल्याचं जाहीर झालं की योजना करा आणि तो शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त दहा वर्षांत भरून आणा. अपवाद आहेत, काही रॉकफिश शंभर वर्षांच्या वर जगतात, फार उशिरा विणीला येतात, ते दहा वर्षांत कुठून भरणार, त्यांना जास्त मुदत. पण मुदत कायद्यात लिहिलेली आहे हे महत्त्वाचं, कारण त्यामुळे कोर्टात जाता येतं. गेलेही लोक. समर फ्लाउंडर नावाच्या माशाचा १९९९ चा कोटा असा होता की लक्ष्य गाठायची शक्यता १८ टक्के. २००० साली अपील कोर्टाने तो उडवला, किमान पन्नास टक्के तरी हवी म्हणाले, आणि निकालात न्यायमूर्तींनी चक्क लिहिलंय की जमण्यापेक्षा फसायची शक्यता चौपट असलेल्या उपायाला भरवशाचा म्हणणं हे कॉमिक्समधल्या उलट्या जगातच चालेल. हा निकाल मी कंटाळा आला की काढून वाचतो.

मग २००६ ची दुरुस्ती, आणि माझा सगळा मुद्दा हिच्यात आहे. प्रत्येक परिषदेची एक वैज्ञानिक समिती, ती समिती वरची मर्यादा सांगणार, आणि परिषदेने ठरवलेला वार्षिक आकडा त्या मर्यादेच्या वर जाऊच शकत नाही. खाली ठेवा, वाटणी कशी करायची ती करा, भांडा, पण वर नाही. १९८९ च्या कॅनडात ही एक ओळ कायद्यात असती तर मंत्र्यांना ‘माझ्या हातात नाही’ म्हणून सुटता आलं असतं, त्यांचीही सोयच झाली असती. २००० पासून अमेरिकेत पन्नासच्या आसपास साठे भरून आले असं तिथलं खातं सांगतं. त्यात पश्चिम किनाऱ्याचा कॅनरी रॉकफिश आहे, तो तर अंदाजाच्या कितीतरी आधी २०१५ मध्येच भरला.

सगळं गोड नाही, हेही एका दमात सांगतो. १९९४ मध्ये जॉर्जेस बँक नावाच्या, न्यू इंग्लंडसमोरच्या उथळ समुद्रातले मोठे पट्टे मासेमारीला बंद केले ते कॉड आणि त्याच्या भाईबंदांसाठी. त्यातला हॅडक परत आला. तळाशी बसलेले स्कॅलॉप, म्हणजे शिंपल्यातले, त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, ते बंद पट्ट्यांत इतके वाढले की २००१ पर्यंत तो साठा भरून आला आणि न्यू बेडफर्ड बंदर त्यांच्यावर श्रीमंत झालं. आणि कॉड? नाही आला. शेजारच्याच मेनच्या आखातातलं पाणी झपाट्याने तापलं, मर्यादा ठरवताना ते पुरेसं धरलंच गेलं नव्हतं, शिवाय काही बोटी नोंदवल्यापेक्षा जास्त धरत होत्या. तेव्हा वैज्ञानिकांच्या हातात आकडा दिला की तो बरोबर येतोच असं मी म्हणत नाहीये. चुकतो. पण चुकला तर पुढच्या पाहणीत पकडता येतो, दबावाखाली वाढवलेला आकडा पकडायला पाहणी काय करणार, तो चुकलाय हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासूनच माहिती असतं.

न्यूझीलंडची १९८६ ची कोटा पद्धत आणि पेरूचा अँचोवी राहिला, ते कुणी प्रश्नात विचारलं तर सांगतो. तिसऱ्या रांगेतला हात मघापासून वर आहे, आधी तो घेऊ.