घरची गाडी घेऊन ऑटोक्रॉसला

(गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, तरी बार्देशातून, सत्तरीतून माणसं आली आहेत. येताना खाली लावलेल्या गाड्या बघितल्या. स्विफ्ट, आय-टेन, दोन वॅगन-आर, एक जुनी झेन. सगळ्या घरच्या गाड्या. सकाळी मुलांना शाळेत सोडणाऱ्या, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन येणाऱ्या. ऑटोक्रॉस सुरू करायचं तर याच गाड्या पुरेशा आहेत, एवढं सांगायलाच मी आज आलो. पहिलं वर्षभर ब्रेक आणि टायर धड ठेवण्यापलीकडे गाडीवर एक रुपया घालू नका. नवा सायलेन्सर नको, रुंद चाकं नकोत, खाली बसवलेलं सस्पेन्शन तर मुळीच नको. गाडी बदलत राहिलात तर आपण सुधारलो की गाडी सुधारली, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक मोकळं मैदान, त्यावर कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, मांडून आखलेली वळणावळणांची वाट, आणि घड्याळ. एका वेळी एकच गाडी सुटते. शेजारी कुणी नाही, ओव्हरटेक नाही, धक्काबुक्की नाही. अमेरिकेत हा खेळ पार्किंगच्या डांबरावर नाहीतर जुन्या धावपट्टीवर चालतो, तिथं एक कोन पाडला की वेळेत दोन सेकंद वाढतात. आपल्याकडे तो बहुतेक मातीवर होतो. फेरी मिनिट-दोन मिनिटांत संपते. गियर दुसरा, फार तर तिसरा. वेग हायवेवरच्यापेक्षा जास्त नसतो, पण हायवेवर महिन्याभरात येणार नाहीत इतकी वळणं त्या मिनिटात येतात.

आता जरा कडक बोलतो, कारण समोर तरुण मुलं बसली आहेत. चोर्ल्याचा घाट म्हणजे मैदान नव्हे, आणि रात्रीचा रिकामा बायपासही नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मला कायद्यापेक्षा समोरून स्कूटरवर येणाऱ्या माणसाची काळजी जास्त वाटते. त्यानं कुठल्याही शर्यतीत नाव घातलेलं नसतं. मैदानावर चुकलात तर प्लास्टिकचा कोन पडतो, एवढंच. म्हणून एफएमएससीआयची, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन करणाऱ्या संस्थेची, मान्यता असलेली स्पर्धा शोधा, स्पर्धेच्या लायसन्सबद्दल आयोजकांना आधी विचारा. आणि आपली विमा पॉलिसी उघडून वाचा. साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे मैदानावर गाडीला काही झालं तर खर्च तुमचा. घरी हे आधी सांगा. गाडी बहुधा वडिलांच्या नावावर असते.

तयारी आदल्या दिवशी करायची. गाडी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पायाखालच्या मॅट, सीटखाली गेलेली पाण्याची बाटली, सगळं बाहेर. बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल याचा विचार करा. डॅशबोर्डवरचा गणपती त्या दिवसापुरता देव्हाऱ्यात ठेवा. पहिल्याच वळणावर तो उडून काचेवर आपटलेला कुणालाच आवडणार नाही. चाकांचे नट पान्यानं घट्ट आहेत का बघा, बॅटरी हातानं हलवून बघा.

ब्रेक ऑइलबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या हवेत ते महत्त्वाचं आहे. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, आणि गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी येते. ओल धरलेलं ऑइल कमी तापमानाला उकळतं. लागोपाठ दोन-चार जोरदार फेऱ्या झाल्या की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जातं. रोजच्या चालवण्यात हे लक्षातही येत नाही. दोन वर्षांत ऑइल बदललेलं नसेल तर स्पर्धेआधी बदलून घ्या. खर्च करायचा तर इथे करा.

हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. डांबरावर वळताना साधा टायर कडेवर मुडपतो, म्हणून तिथं पुढच्या चाकांत चार-पाच पीएसआय जास्त भरतात. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. किती पुरे हे कळायला शाळेतला खडू लागतो. टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारी बाजू संपून उभी भिंत सुरू होते तिथं, जमिनीच्या बाजूवरून भिंतीवर उतरणारी रेघ ओढा. फेरी मारून आलात की वाकून बघा. रेघ भिंतीवरूनही पुसली गेली असेल तर टायर फार मुडपतोय, हवा वाढवा. खांद्यापर्यंतही पुसली गेली नसेल तर हवा जास्त झाली. मातीवर मात्र रेघ धुळीनंच जाते, तिथं स्टिकरवरच्या आकड्याजवळ राहा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्याचे टोकदार खडे असतात, हवा कमी केलीत तर रिमपर्यंत मार बसतो.

आता मुख्य गोष्ट. फेऱ्या सुरू होण्याआधी मैदान पायी फिरू देतात. त्या वेळात चहाला जाऊ नका. किमान तीनदा चाला. पहिल्यांदा नुसती वाट पाठ करा. दुसऱ्यांदा जमीन बघा, कुठे टणक आहे, कुठे मोहरीसारखे बारीक खडे साठलेत. तिसऱ्यांदा खाली वाका, सीटवर बसल्यावर डोळे जितक्या उंचीवर असतील तितके, आणि तिथून पुढचा कोन दिसतो का ते बघा. उभं राहून सगळं सोपं दिसतं. खाली वाकलं की कोनांचं जंगल होतं.

माझी पहिली फेरी अशीच गेली. मी एकदाच चाललो होतो, तेही गप्पा मारत. तिसऱ्या वळणाला समोर सगळे कोन सारखेच दिसायला लागले, चुकीच्या फटीतून आत शिरलो आणि फेरी बाद झाली. दुसऱ्या फेरीत मी एकाच कोनाकडे टक लावून बघत होतो, हा पडता कामा नये म्हणून, आणि नेमका तोच चाकाखाली आला. बेळगावहून आलेले एक जुने ड्रायव्हर दुपारी सरावाला माझ्या शेजारी बसले. त्यांनी स्टीयरिंगबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त दर वळणाला विचारायचे, ‘आता कुठं बघतोयस?’ मी म्हणायचो, ह्या कोनाकडे. ते म्हणायचे, ‘तो झाला. पुढचा कुठाय?’ तासाभरात गाडी तीच, टायर तेच, आणि वेळ चार सेकंदांनी कमी. डोळे जातात तिथं हात जातात. ताशी ५४ किलोमीटरला गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते, म्हणजे जवळजवळ चार स्विफ्ट एकामागे एक उभ्या केल्यासारखं. नाकासमोरच्या कोनाकडे बघत असाल तर तो केव्हाच मागे गेलेला असतो.

टायरचं गणित मी पैशांत सांगतो. प्रत्येक टायर जमिनीला तळहाताएवढा टेकतो, आणि त्याच्याकडे शंभर पैसेच असतात. ते ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा, नाहीतर पळण्यावर. शंभर पैसे ब्रेकवर उधळून तसंच वळायला गेलात तर वळायला काही उरत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी आपली गाडी मग नाक सरळ धरून घसरत जाते. नवखा माणूस घाबरून स्टीयरिंग आणखी फिरवतो. उलट करायचं असतं, ॲक्सिलरेटर जरा सोडायचा, स्टीयरिंग किंचित मोकळं करायचं, की टायर पुन्हा पकड घेतो. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, वळणाच्या आधी. सुट्या खड्यांवर तर आणखी आधी, कारण तिथं एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी सोय, असलेली गाडी थांबायला जास्त जागा घेते. ब्रेक सोडायचा तोही हळूहळू, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत गाडी उतरवताना क्लच सोडता ना, तसा.

फेरी संपली की हँडब्रेक ओढू नका, तापलेले ब्रेक दाबून ठेवायचे नसतात. गियरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, बॉनेट उघडा. मग आपली पाळी दुसऱ्यांनी पाडलेले कोन उचलायची. ते काम कमी समजू नका. चांगला ड्रायव्हर कुठे ब्रेक सोडतो हे कोनाशेजारी उभं राहिल्यावर आवाजावरून कळतं.

हेल्मेट आणि सीटबेल्टबद्दल वेगळं सांगायला नको. बसायचं कसं हे मात्र दाखवूनच सांगावं लागेल. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीयरिंगच्या वरच्या कडेवर पोचलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आपल्यातले निम्मे लोक आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतात. पावसानं आता जरा उघडीप दिली आहे. चला, खाली जाऊ. पहिल्यांदा त्या झेनमध्ये बसून सीट लावू. खडू मी आणलाय.