३६ वर्षांचा पारा

[दृश्य: लाकडाची छोटी डबी. झाकण उघडतं. आत कापसावर वाळलेल्या नाळेचा तुकडा.]

जपानमध्ये बाळाची नाळ गळून पडली की ती टाकून देत नाहीत. वाळवून अशा डबीत ठेवतात, सोबत नाव आणि जन्मतारीख लिहितात, आणि आई ती डबी वर्षानुवर्षं जपते. १९७०च्या दशकात संशोधकांनी, पाऱ्याच्या विषबाधेनं होरपळलेल्या मिनामाटा गावाच्या परिसरातल्या घरांमधून या नाळा मागून घेतल्या आणि त्यांतला पारा मोजला. कुठली नाळ कुठल्या वर्षाची, हे शोधायची गरजच नव्हती. तारखा आयांनी लिहूनच ठेवल्या होत्या.

नाळेतल्या पाऱ्याचे आकडे वर्षवार मांडले, तेव्हा दिसलं की एका कारखान्याचं उत्पादन वाढलं तसे ते वाढले आणि ते घसरलं तसे घसरले. कंपनीचे कागद कंपनीच्या ताब्यात होते. हा पुरावा मात्र घरोघरच्या कपाटांत होता.

[दृश्य: शिरानुई समुद्र. संथ पाणी, क्षितिजावर बेटांची रांग.]

क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात, मिनामाटा हे किनाऱ्यावरचं गाव. समोरचा शिरानुई समुद्र जमिनीनं आणि बेटांनी वेढलेला, म्हणजे पाणी मोकळं वाहून जाणारं नव्हे. चिस्सो कंपनीच्या इथल्या कारखान्यात १९३२पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होऊ लागलं. पुढे प्लास्टिकच्या धंद्याला याच कच्च्या मालाची मोठी गरज पडली. ॲसिटिलीन वायू आणि पाणी यांच्यापासून ते बनवताना उत्प्रेरक म्हणून पाऱ्याचा क्षार वापरत. त्यातला थोडा पारा तिथेच, कारखान्याच्या भांड्यातच, मिथाइल पाऱ्यात बदलायचा आणि सांडपाण्याबरोबर ह्याक्केन बंदरात जायचा.

'थोडा' या शब्दानं सगळा घोटाळा केला. समुद्र एवढा मोठा, त्यात हे पाणी कुठल्या कुठे विरून जाईल, असा हिशेब होता. पण मिथाइल पारा विरून जात नाही. सूक्ष्म शेवाळ तो शोषून घेतं, ते बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे आणि लहानांना मोठे. प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. शिकारी माशाच्या अंगात तो भोवतालच्या पाण्याच्या लाखो पटींनी जास्त असू शकतो.

आणि हा थर्मामीटरमधला पारा नव्हे. तो चकचकीत गोळा चुकून गिळला तर बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. मिथाइल पारा मात्र आतड्यातून जवळजवळ पूर्ण रक्तात उतरतो आणि तिथून मेंदूत. अंगात शिरलेल्या मिथाइल पाऱ्यापैकी निम्मा बाहेर पडायलाच साधारण ५० दिवस लागतात. रोज मासे खाणाऱ्या घरात तेवढ्या दिवसांत आणखी किती पानं वाढली जातात, याचा विचार करा.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. जाळी, होड्या, किनाऱ्यावरची घरं.]

१९५०च्या दशकात इथली मांजरं पिसाळल्यासारखी गरगर फिरून मरू लागली. एप्रिल १९५६मध्ये, सहावं वर्षही पूर्ण न झालेली एक मुलगी कारखान्याच्याच इस्पितळात दाखल झाली. तिला चालता येईना, धड बोलता येईना, झटके येत होते. मागोमाग तिची धाकटी बहीण आली. इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य खात्याला कळवलं : मज्जासंस्थेचा अनोळखी आजार पसरतो आहे. आधी साथीचा रोग वाटला. घरं जंतुनाशकानं धुतली गेली, आणि शेजारपाजारचे त्या घरांपासून चार हात लांब राहू लागले. आजारी होती ती बहुतेक कोळ्यांची घरं. जाळ्यात येईल तेच ताटात येणारी.

जुलै १९५९मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे, म्हणजे मिथाइल पारा ज्यात मोडतो त्या प्रकाराकडे, बोट दाखवलं. त्याच महिन्यात होसोकावांनी एक प्रयोग सुरू केला. ॲसिटाल्डिहाइड विभागाचं सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात घालायचं. मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये त्याला झटके आले, पाय लुळे पडले. कंपनीच्या वरिष्ठांना हे कळलं आणि प्रयोग थांबवले गेले. निष्कर्ष बाहेर आला नाही.

या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथलं. अज्ञानात झालेली चूक आणि माहीत असूनही चालू ठेवलेलं काम यांच्यातली सीमारेषा या मांजरापाशी आहे.

[दृश्य: पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या उद्घाटनाचं छायाचित्र.]

डिसेंबर १९५९. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी 'सायक्लेटर' नावाची यंत्रणा थाटामाटात सुरू झाली. कंपनीच्या अध्यक्षांनी, शुद्ध झालेलं पाणी म्हणून, सगळ्यांसमक्ष एक पेला पिऊन दाखवला. यंत्रणा सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती, आणि ॲसिटाल्डिहाइड विभागाचं पाणी त्या वेळी तिच्यातून जातही नव्हतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला रुग्णांशी करार झाला. सहानुभूती म्हणून थोडी रक्कम, आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी जास्त भरपाई मागायची नाही अशी अट. घरात कमावतं माणूस अंथरुणाला खिळलेलं असताना असल्या कागदावर कोण सही करणार नाही? मार्च १९७३मध्ये न्यायालयानं तो करारच रद्दबातल ठरवला. त्या निकालाला होसोकावांची साक्ष उपयोगी पडली. १९७०मध्ये, कर्करोगानं अंथरुणावर असताना, त्यांनी क्रमांक ४००बद्दल सांगितलं आणि काही महिन्यांतच ते गेले.

पारा मात्र मे १९६८पर्यंत समुद्रात जातच राहिला. उत्पादनाची ती पद्धत जुनी झाली म्हणून बंद पडली. कारखाना कारणीभूत आहे हे सरकारनं मान्य केलं सप्टेंबरमध्ये, उत्पादन थांबल्यावर. मधल्या काळात, १९६५मध्ये, निइगाता प्रांतात आगानो नदीकाठी हाच आजार पुन्हा दिसला. कारखाना दुसरा, पद्धत तीच.

आणि बाळं. वार गर्भाला विषापासून वाचवते, अशी तोवर डॉक्टरांची समजूत होती. मिनामाटात आया वरवर धडधाकट दिसत होत्या आणि मुलं जन्मतःच गंभीर आजारी होती. १९६२मध्ये मान्य झालं की पारा वारेतून पलीकडे जातो, आणि वाढत्या मेंदूला तो जास्त झोंबतो. सुरुवातीला दाखवलेल्या नाळा म्हणूनच मोलाच्या ठरल्या.

[दृश्य: कोळशावर चालणारं वीजकेंद्र. नंतर खुला समुद्र, ट्यूनाचा थवा.]

आता नेहमीचा प्रश्न. मासे खायचे की नाही?

खायचे. पण कुठले, हे बघून. आज जगातल्या माशांमधला पारा बहुतेक ठिकाणी एखाद्या नळातून आलेला नसतो. कोळसा जळताना तो हवेत जातो, छोट्या सोन्याच्या खाणींत सोनं वेगळं करताना जातो. वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर फिरून पाण्यात पडतो, आणि तळाच्या गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. म्हणून कारखाना जवळ नसलेल्या समुद्रातला मोठा मासाही सुटत नाही.

गणित करून पाहू. अन्नात घातले जाणारे पदार्थ आणि दूषितं तपासणाऱ्या जागतिक तज्ज्ञ समितीनं २००३मध्ये मर्यादा ठरवली : आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. ६० किलो वजनाच्या बाईसाठी ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या मोजणीत तलवार माशात सरासरी किलोला जवळजवळ १ मिलिग्रॅम पारा निघाला. म्हणजे शंभर ग्रॅमही न भरणाऱ्या एका तुकडीत आठवड्याचा कोटा संपला. शार्कचंही तेच. तारलीच्या जातीच्या सार्डिनमध्ये सरासरी ०.०१३ मिलिग्रॅम. तोच कोटा संपवायला सात किलोंहून जास्त सार्डिन खावे लागतील. पोट आधी हात टेकेल.

लहान, कमी आयुष्याचा, शेवाळ आणि बारीक जीव खाणारा मासा, हा साधा नियम. मोठा, म्हातारा, दुसऱ्या माशांवर जगणारा मासा गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी आणि लहान मुलांनी टाळावा. कमी पाऱ्याचे मासे मात्र गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, असं तेच अमेरिकी प्रशासन सांगतं, कारण माशातली मेदाम्लं बाळाच्या मेंदूला हवीच असतात. घाबरून मासेच सोडले तर तोटा वेगळाच.

स्वच्छ धुऊन, उकळून, खरपूस तळून काही होत नाही. मिथाइल पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. कातडी काढा, चरबी काढा, तो तिथेच. नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही.

'निवडून खा' हा सल्ला मात्र ज्याच्यापुढे निवड असते त्याच्याच उपयोगाचा. जो स्वतः पकडतो आणि तेच खातो, त्याला तक्ता दाखवून काय होणार? मिनामाटाच्या कोळ्यांना कुणी सावध केलं असतं तरी संध्याकाळी चुलीवर चढवायला दुसरं काय होतं? पारा जिथून निघतो तिथे तो अडवायचा, हे काम ताटापर्यंत ढकलून चालत नाही.

[दृश्य: मिनामाटाच्या उपसागरात भराव घातलेली हिरवी जमीन.]

१९७७ ते १९९० या काळात उपसागराच्या तळातला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसला. ५८ हेक्टर भराव घातला. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून १९७४मध्ये तोंडाशी लावलेली जाळी १९९७मध्ये काढली आणि तिथले मासे खायला मोकळे झाले. ऑक्टोबर २०१३मध्ये कुमामोतोत पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला मिनामाटाचंच नाव दिलं. ऑगस्ट २०१७पासून तो लागू आहे.

माणसांचं प्रकरण मिटलेलं नाही. सरकारदरबारी रुग्ण म्हणून दाखला मिळालेल्यांचा आकडा कुमामोतो आणि शेजारचा कागोशिमा हे दोन प्रांत मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास, आणि त्याबाहेर राहिलेले हजारो. सप्टेंबर २०२३मध्ये ओसाकाच्या न्यायालयानं अशा १२८ जणांचा दावा मान्य केला. १ मे २०२४ला, बळींच्या स्मृतिसोहळ्यानंतर, पर्यावरणमंत्र्यांसमोर रुग्णांच्या संघटनांची बैठक झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं. एक वृद्ध गृहस्थ वारलेल्या पत्नीच्या यातना सांगत होते. वेळ झाली आणि अधिकाऱ्यांनी त्यांचा माइक बंद केला. आठवड्याभरानं मंत्री मिनामाटाला आले आणि त्यांनी माफी मागितली.