टॉवेलवरचा हळदीचा डाग आणि एका प्रोटॉनची देवघेव

नमस्कार, सोलापूरहून बोलतोय. हा टॉवेल बघा. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणलेला, पांढराशुभ्र. काल जेवताना कुणीतरी याला आमटीचा हात पुसला, आणि हा पिवळा डाग पडला.

आता साबणाची ओली वडी यावर घासतो.

(टॉवेल कॅमेऱ्याजवळ)

लाल झाला. घरात प्रत्येकाने हे कधी ना कधी पाहिलेलं असतं. आता याच लाल डागावर लिंबू पिळतो. थोडं चोळू या... आला परत पिवळा. दहावीला आपण याला "हळद हा नैसर्गिक दर्शक आहे", म्हणजे समोर आम्ल आहे की आम्लारी ते रंग बदलून दाखवणारा पदार्थ आहे, एवढं म्हणून पुढे गेलो. पण त्या डागात नेमकं गेलं काय आणि परत आलं काय? एक प्रोटॉन गेला, आणि तोच हिशेब उलटा फिरला.

आधी प्रोटॉन म्हणजे काय ते नीट पाहू, कारण अकरावीत आलेली निम्मी मुलं इथेच अडखळतात. साध्या हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, बस्स. इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो नुसता प्रोटॉन. प्रभार असलेल्या अणूला किंवा अणूंच्या गटाला आयन म्हणतात. म्हणजे हायड्रोजन आयन आणि प्रोटॉन ही एकाच गोष्टीची दोन नावं. आणि तो किती लहान? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचा एक दाणा चार मिलिमीटरचा धरा. प्रोटॉन तेवढा असेल, तर हायड्रोजनचा अख्खा अणू पाव किलोमीटर रुंद भरेल. एवढ्याशा जागेत पूर्ण एक धनप्रभार कोंबलेला! असा कण पाण्यात मोकळा राहूच शकत नाही. शेजारच्या पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉनची जोडी तो धरतो आणि हायड्रोनिअम आयन तयार होतो. म्हणून "आम्ल प्रोटॉन सोडतं" हे वाक्य मला अपुरं वाटतं. घेणारा समोर असल्याशिवाय देणारा देतच नाही.

1884 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनिअसने आपल्या प्रबंधात आयनांचा विचार मांडला. त्यातून आपली शाळेतली व्याख्या आली: पाण्यात हायड्रोजन आयन देतं ते आम्ल, हायड्रॉक्साइड आयन (एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एक ऋणप्रभार) देतं ती आम्लारी. व्याख्या चांगली आहे, पण अमोनियापाशी ती अडते. अमोनियात एक नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन. ऑक्सिजनच नाही, मग हायड्रॉक्साइड आणणार कुठून? तरी अमोनिया आम्लारी आहे. आणि प्रयोगशाळेत अमोनिया वायूजवळ हायड्रोजन क्लोराइड वायू आणला की पांढरा दाट धूर होतो, अमोनिअम क्लोराइडचा. अभिक्रियेला पाण्याचा थेंबही लागत नाही.

1923 मध्ये कोपनहेगनला ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजला लॉरी, दोघांनी स्वतंत्रपणे व्याख्या बदलली. प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो ती आम्लारी. धुराचं कोडं इथे एका ओळीत सुटतं: हायड्रोजन क्लोराइडने प्रोटॉन दिला, अमोनियाने घेतला.

आता डागाकडे या. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. त्या रेणूत ऑक्सिजनला धरून बसलेले हायड्रोजन आहेत. साबणाच्या पाण्यातला हायड्रॉक्साइड त्यातला एक प्रोटॉन ओढून घेतो. मागे राहिलेल्या रेणूत इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते, तो वेगळा प्रकाश शोषतो, आणि आपल्याला लाल दिसतं. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने प्रोटॉन परत दिला, रंग परत पिवळा. घरी करून बघणार असाल तर लिंबू लगेच पिळा. डाग फार वेळ साबणात किंवा चुन्यात राहिला तर कर्क्युमिन मोडायला लागतं, मग तो पिवळा पूर्ण परत येत नाही.

पाण्याचं काय? मला या सगळ्यात पाणीच सर्वांत आवडतं. सासरी सून, माहेरी लेक, बाई तीच. हायड्रोजन क्लोराइडसमोर पाणी प्रोटॉन घेतं, म्हणजे आम्लारी. अमोनियासमोर देतं, म्हणजे आम्ल. कुणीच नसलं तर पाण्याचे रेणू आपापसात देवघेव करतात. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात सुमारे 55 कोटी रेणूंमागे एक हायड्रोनिअम सापडतो. 

आणि नायट्रिक आम्ल! नावातच आम्ल. पण संहत सल्फ्युरिक आम्लात घातलं की ते चक्क प्रोटॉन घेतं, आम्लारीसारखं वागतं. म्हणून "हा पदार्थ आम्ल आहे का?" एवढंच विचारू नका. "कुणासमोर?" हेही विचारा.

कागदावर सोडवताना एक सवय लावा. अभिक्रियेच्या समीकरणात बाणाच्या दोन्ही बाजूंना बघा, कुणाचा एक हायड्रोजन कमी झाला आणि प्रभार एकने खाली आला. तो आम्ल. त्याचं उरलेलं रूप म्हणजे त्याची संयुग्मी आम्लारी. जोडी सापडली की निम्मं गणित झालं.

आता तुमच्यासाठी एक. आंबट ताकात खायचा सोडा टाकला की फेस येतो. यात प्रोटॉन कुणी दिला, कुणी घेतला, आणि तो वायू कुठून आला? वहीत बाण काढा आणि खाली उत्तर लिहा. मी प्रत्येक उत्तर वाचणार आहे.