पिठाच्या डब्यातला निरोध

मंडळी, परिचारिकांच्या प्रशिक्षणाला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘सर, वेश्यावस्तीतल्या या बायकांना एवढं समजावतो, तरी त्या निरोध का वापरत नाहीत?’ प्रश्न तळमळीनं विचारलेला असतो. पण त्यांना समजत नाही, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. अहो, निरोधाबद्दल त्यांना आपल्याहून जास्त कळतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच.

एका वस्तीतली खोली सांगतो. एक खाट, मध्ये जुन्या साडीचा पडदा, पडद्यामागे पोरगं झोपलेलं. गिऱ्हाईक प्यायलेलं. म्हणतं, ‘निरोध नको, शंभर जास्त देतो.’ सकाळीच सावकाराचा माणूस दारात ओरडून गेलाय. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या खोलीत जाईल, नाहीतर हात उगारेल. त्या दोन मिनिटांत आपलं भित्तिपत्रक तिच्या काय कामाचं?

डॉ. स्मरजित जाना यांना हे उमगलं होतं. १९९२ साली कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत त्यांनी गुप्तरोग रोखण्याचं काम सुरू केलं ते वस्तीतल्याच बायकांना हाताशी धरून. डोक्यावरचं कर्ज हलकं झाल्याशिवाय तोंडातून ‘नाही’ निघत नाही, हे तिथं दिसलं. १९९५ साली त्या बायकांची ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. गुप्तरोगांच्या कामाच्या पोटी पतसंस्था जन्मली, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं. आपल्या सांगलीतही ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली, ती बायकांच्या एकजुटीवर. सगळ्या खोल्यांतून एकच उत्तर आलं, तर गिऱ्हाईक जाणार कुठं?

पण एका माणसापुढं ही एकजूटही कामी येत नाही. तो म्हणजे ‘मालक’. लग्नाचा नवरा नव्हे, पण जीव लावलेला, वर्षानुवर्षं येणारा माणूस. एक ताई मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, दिवसभर सगळ्यांना निरोध लावते. त्यालाही लावला तर तो आणि गिऱ्हाईक यात फरक काय राहिला?’ मी गप्प बसलो. निरोध न वापरणं हीच तिच्या संसाराची खूण होती. आपल्या घरांतल्या किती बायका नवऱ्याला निरोध वापर म्हणू शकतात, हेही इथं बसलेल्यांनी मनाशी विचारून बघावं.

आणि पोलिसांची भीती. धाडीत निरोधाची पाकिटं सापडली की तोच धंद्याचा पुरावा धरायचे. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की असा पुरावा धरू नये. त्यानंतर मी त्याच ताईंकडे गेलो होतो. पाकिटं कुठं ठेवता, असं विचारलं. त्या उठल्या, पिठाचा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला.