गोळी ठेवली होती, तरी दिवस कसे राहिले?

नमस्कार श्रोतेहो. "डॉक्टर, गोळी ठेवली होती, तरी दिवस कसे राहिले?" असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते: ठेवल्यावर किती वेळ थांबलात? बहुतेकदा समोरून उत्तरच येत नाही.

ही गोळी गिळायची नव्हे, योनीत ठेवायची. शुक्राणुनाशक म्हणतात ते हेच. ते जेली, क्रीम, फेस किंवा पातळ पापुद्र्यासारख्या फिल्मच्या रूपातही मिळतं. त्यातलं नेहमीचं औषध म्हणजे नोनोक्सिनॉल-9. साबण जसा तेलकट थर फोडतो, तसं ते शुक्राणूचं बाहेरचं आवरण फोडतं. (म्हणून कुणी साबण वापरायला जाऊ नका हं!)

आता गोळी विरघळायला, गर्भाशयाच्या तोंडाशी पसरायला वेळ नको का? फिल्म आणि गोळीला साधारण 10 ते 15 मिनिटं लागतात. फेस लगेच काम करतो. असर मात्र तासाभराचाच. तास उलटला किंवा पुन्हा संबंध आला, की नवी मात्रा घ्यायची. नंतर निदान सहा तास योनी आतून धुवायची नाही. इथेच पुष्कळ जणी चुकतात. स्वच्छतेच्या सवयीने उठतात आणि औषध धुऊन टाकतात. बाहेरून धुवायला हरकत नाही.

एवढं सांभाळूनही हा उपाय एकट्याने कच्चाच. वर्षभर फक्त यावरच विसंबणाऱ्या 100 जणींपैकी 20 हून अधिक जणींना दिवस राहतात. तांबी बसवली तर हे प्रमाण 100 मागे एकीहूनही कमी. त्यामुळे कंडोम किंवा डायफ्राम (योनीत बसवायची, गर्भाशयाचं तोंड झाकणारी मऊ टोपी) यांच्या जोडीला शुक्राणुनाशक घ्या, असं माझं मत. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतं, हार्मोन नसतात, हे त्याचे गुण मी नाकारत नाही.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. नोनोक्सिनॉल-9 रोज किंवा दिवसातून अनेकदा वापरलं तर योनीची त्वचा सोलवटते, आग होते, आणि त्या जखमांतून एचआयव्हीला वाट मिळते. जोडीदाराला एचआयव्ही असेल किंवा तशी शंका असेल, तर हे औषध नकोच. कंडोम वापरा, पण नोनोक्सिनॉल लावलेला नको.

आणि काल रात्री घाई झालीच असेल, तर पाळीची वाट पाहत बसू नका. तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ही मात्र गिळायची!