वजनदार आवाजाची घडण

रसिकहो, मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा १९८८ सालचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम चांगल्या स्पीकरवर लावून पाहा. गिटार आणि ड्रम अंगावर येतात, बास (खालचे स्वर वाजवणारी बास गिटार) मात्र शोधूनही सापडत नाही. बँडचे बासवादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमधील बस अपघातात गेल्यावर त्यांच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेड यांनी बहुतेक ठिकाणी गिटारच्याच ओळी वाजवल्या होत्या, आणि मिक्सिंगमध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज एकत्र जुळवताना, बासची पातळी फार खाली ओढली गेली. रचना गुंतागुंतीच्या, वादन काटेकोर, पण आवाजाला तळ नाही. म्हणूनच या बँडचा पुढचा, काळ्या मुखपृष्ठाचा 'मेटॅलिका' हा अल्बम कसा घडला हे मला फार मोलाचे वाटते.

ऑक्टोबर १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत काम सुरू झाले. निर्माते होते बॉब रॉक. मॉट्ली क्रू या रॉक बँडच्या 'डॉक्टर फीलगुड' या अल्बममधला भरदार आवाज ऐकून बँडने त्यांना गाठले होते. तोवर एकेका वाद्याचे ध्वनिमुद्रण वेगवेगळे करण्याची बँडची सवय होती. रॉक यांनी चौघांनी एकत्र वाजवावे असा आग्रह धरला. गिटारचे थर नंतर चढवले गेले हे खरे, पण ड्रम वाजत असताना बाकीचे सोबत वाजवत होते, आणि त्यामुळे ड्रमवादक लार्स उलरिक यांच्या ठोक्यांत एक जिवंतपणा आला. त्यांच्या अनेक टेकमधले, म्हणजे एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या वादनांमधले, उत्तम तुकडे निवडून, टेप कापून आणि जोडून अंतिम ड्रम तयार झाले.

सगळ्यांत बोलका प्रसंग 'सॅड बट ट्रू' या गाण्याचा. जवळजवळ सगळी गाणी ई या स्वरातच आहेत, हे रॉक यांनी लक्षात आणून दिले. गिटारची सर्वांत खालची तारही ईचीच, म्हणजे त्याखाली उतरायला वावच नव्हता. मग या गाण्यासाठी वाद्ये एक पूर्ण स्वर खाली, डीपर्यंत, उतरवून लावली गेली. बासच्या खालच्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१, ती डी स्वरावर सुमारे ३७ होतात. इतक्या खालच्या नादाला उमटायला वेळ लागतो. लय जलद असेल तर पुढचा ठोका तो गिळून टाकतो. म्हणून लय संथ झाली, आणि न्यूस्टेड यांचा बास गिटारची सावली न राहता ड्रमशी बांधला गेला. माझ्या मते या अल्बमचे खरे वजन इथे आहे, ॲम्प्लिफायरच्या ताकदीत नव्हे.

काम जून १९९१ पर्यंत चालले. मिक्स तीनदा नव्याने केले गेले, खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला, आणि ऑगस्टमध्ये अल्बम बाजारात आला. एवढा खटाटोप मला उधळपट्टी वाटत नाही, कारण बास, बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि गिटारचा खालचा भाग खालच्या नादांच्या एकाच अरुंद पट्ट्यात दाटीवाटीने बसतात, आणि एकाला थोडे वर उचलले की दुसरे दोन्ही दबतात.