शनवार तेल्यांचा शनिवार

अलिबागजवळचं नवगाव. इथल्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि आमचा वंश तिथून सुरू झाला, असं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. जहाज नेमकं कधी फुटलं, यावर इतिहासकार आजही भांडतात.

धर्मग्रंथ समुद्रात गेले. हिब्रू पुढच्या पिढ्या विसरल्या. उरलं ते थोडकंच: मुलाची सुंता, बिनखवल्याचा मासा न खाणं, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि विश्रांतीचा शनिवार. कोकणात ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. गावाला ओळखायला तेवढं पुरलं. नाव पडलं, शनवार तेली. आडनावं गावांनी दिली: पेणकर, नवगावकर, दिवेकर.

पुढे मुंबई आली. फौजेतल्या, कचेऱ्यांमधल्या नोकऱ्या आल्या. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी इथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. बेने इस्राएल त्याला मशीदच म्हणत. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

१९४८ मध्ये इस्राएल झालं, तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्राएल होते. हळूहळू बहुतेक जण निघाले. इथून त्यांना कुणी हाकललं नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. जेरुसलेमचं नाव ते प्रार्थनेत घेत आले होते, आणि आता तिथे जाणं खरोखरच शक्य होतं. बोटीवर चढायला एवढं कारण बास झालं.

उतरले ते मात्र बऱ्याचदा वाळवंटात. दिमोना हे नेगेव वाळवंटातलं, १९५५ साली वसवलेलं गाव. मुंबईत टेबलखुर्चीवर बसलेल्या माणसांना इथे कारखान्यात उभं राहावं लागलं. त्याआधीच, १९५२ मध्ये, एक गट तर आंदोलन करून भारतात परतला होता. त्यातले बरेच जण नंतर पुन्हा इस्राएलला गेले. मन असं दोन्हीकडे ओढ घेतं.

मग लग्नाचा प्रश्न आला. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं: बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न लावण्याआधी त्यांची आई, आजी, पणजी ज्यूच होती ना, हे जमेल तितकं मागे जाऊन तपासा. ज्या ओळखीसाठी मुंबई सोडली, तीच आता सिद्ध करायची! अलिबाग तालुक्यातल्या पणजीचा दाखला आणायचा कुठून? माणसं रस्त्यावर उतरली, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेनं ठराव केला: बेने इस्राएल हे सर्वार्थानं ज्यूच आहेत.

ठराव झाला. पण दिमोनात शनिवारी सगळ्यांचीच दुकानं बंद असतात. कोकणात ज्या एका गोष्टीनं त्यांना वेगळं ठरवलं, ती इथे कुणाच्या नजरेतही भरत नाही. इथे ते ‘होदी’, म्हणजे हिंदुस्थानी.

आता मलिदा. आपल्याला हा शब्द ऐकला की पुढारी आठवतात, पण बेने इस्राएल घरात मलिदा म्हणजे नवसाचं, मंगलकार्याचं ताट: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि भोवती फळं. ते एलियाहू प्रेषिताच्या नावानं मांडतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे. इस्राएलमध्ये गेल्यावरही मलिदा सुटला नाही. हैफाला कार्मेल डोंगरात एलियाहूची गुहा आहे, तिथेही बेने इस्राएल दर्शनाला जातात. आणि मराठीत ‘मायबोली’ नावाचं मासिकही तिथे निघालं.

त्यांच्यातले काही जण कोकणात येतात. खंडाळ्याचा खडक बघतात, नवगावला जातात. जहाजावरचे जे वाचले नाहीत, त्यांना इथेच पुरलं असं मानतात. पुरुष एका जागी, बायका दुसऱ्या.